आधी पूर्वपक्ष : प्रस्तावना

‘विज्ञान : शाप की वरदान’ या विषयावर बोलावं लागलं नाही असा मराठी शाळेतला वक्तृत्वपटू सापडणं कठीण. स्पर्धेच्या दिवशी चिठ्ठी उचलायची. ‘शाप’ निघालं तर हिरोशिमा आणि भोपाळ, ‘वरदान’ निघालं तर देवीची लस आणि उपग्रह. घंटा वाजली की आभार मानून खाली बसायचं. दोन्ही बाजूंची भाषणं तयार असतात आणि दोन्ही बाजूंना बक्षिसं मिळतात. या स्पर्धांनी आपल्याला चार माणसांपुढे उभं राहायला शिकवलं, हे ऋण मान्यच करायला हवं. पण शाप किंवा वरदान यांतलं एकच निवडलं पाहिजे हे ठरवलं कुणी, असं तिथे कुणी विचारत नाही. भोपाळची वायुगळती घडली आणि देवीचा रोग जगातून नाहीसा झाला, ही दोन्ही विधानं खरी आहेत आणि एक दुसऱ्याला खोडत नाही. ‘विषयच चुकीचा मांडला आहे’ असं म्हणून त्याची कारणं देणाऱ्या मुलाचे गुण बहुतेक परीक्षक विषयांतर म्हणून कापतील.

हे पुस्तक त्या मुलासाठी आहे. वादात जिंकावं कसं, हे यात सांगितलेलं नाही. समोर आलेला युक्तिवाद उकलायचा कसा, त्यातला मुख्य दावा कोणता, कारणं कोणती, न बोललेलं गृहीत कोणतं आणि त्या सगळ्याची किंमत किती, एवढाच याचा विषय आहे. मराठीत तर्कशास्त्रावर चांगली पुस्तकं झाली आहेत. सुरेंद्र बारलिंगे यांची ‘तर्करेखा’ विद्यार्थ्यांच्या पिढ्यांनी वाचली. त्या पुस्तकांची जागा घेण्याचा इथे हेतू नाही. ती आकार शिकवतात. हे पुस्तक वर्तमानपत्र, सभा, कुटुंबाचा व्हॉट्सअ‍ॅप गट आणि सोसायटीची वार्षिक बैठक इथे ऐकू येणाऱ्या वाक्यांवर हात चालवायला सांगतं. त्या वाक्यांना सरळ आकार क्वचितच असतो.

आपल्याकडे वादाची परंपरा मोठी आहे, हे वाक्य प्रत्येक सत्कारसमारंभात म्हटलं जातं. ते खरं आहे, पण त्या परंपरेनं वादाचे प्रकार केले होते हे सोयीनं विसरलं जातं. गौतमाच्या न्यायसूत्रांत चर्चेचे तीन प्रकार सांगितले आहेत. सत्य काय ते ठरवायला प्रमाणांच्या आधारे होतो तो वाद. जिंकण्यासाठी होतो तो जल्प. त्यात शब्दच्छलही चालतो. आणि स्वतःचा पक्ष न मांडता समोरच्याचं केवळ खंडन करणं ही वितंडा. म्हणजे शाळेतली ‘वादविवाद स्पर्धा’ शास्त्राप्रमाणे जल्पस्पर्धा आहे. वाहिन्यांवरच्या रात्री नऊच्या चर्चेला काय म्हणावं हे वाचकांनी ठरवावं. माझ्या मते ती वितंडेतही बसत नाही, कारण वितंडेत निदान समोरच्याचं बोलणं पुरतं ऐकावं लागे.

या परंपरेतून मला सर्वांत मोलाची वाटते ती पूर्वपक्षाची शिस्त. आपलं मत सांगण्याआधी विरोधी मत मांडायचं, आणि ते असं की विरोधकानं म्हणावं, ‘होय, मला हेच म्हणायचं आहे.’ भाष्यग्रंथांत पानंच्या पानं प्रतिपक्षाची बाजू मांडण्यात जातात. घाईनं वाचणाऱ्याला तेच लेखकाचं मत वाटावं इतक्या निष्ठेनं. आज आपण विरोधकाचं सर्वांत मूर्ख वाक्य शोधतो, त्यालाच उत्तर देतो आणि त्याचा स्क्रीनशॉट पुढे पाठवतो. या पुस्तकाचा आग्रह एकच आहे. पूर्वपक्ष नीट मांडता आला नाही, तर उत्तरपक्ष मांडण्याचा अधिकार अजून आपल्याला मिळालेला नाही. एकदा पूर्वपक्ष मांडला की तीन प्रश्न विचारायचे. दिलेलं कारण खरं आहे का? त्याचा निष्कर्षाशी संबंध आहे का? आणि निष्कर्षाला तेवढं पुरतं का? तिसरा प्रश्न सर्वांत कमी विचारला जातो, म्हणून पुस्तकाचा निम्मा भाग त्यावर खर्ची पडला आहे.

सर्वांत लांब प्रकरण १८९१ च्या संमतिवयाच्या कायद्यावर आहे. आजच्या वादांत आपण आधीच कुठल्या तरी बाजूला बसलेले असतो. त्या वादात आता कुणाला निवडून यायचं नाही, त्यामुळे डोकं थंड ठेवून वाचता येतं.

घटना थोडक्यात अशी. १८६० च्या भारतीय दंडसंहितेनं दहा वर्षांखालच्या पत्नीशी समागम हा बलात्कार ठरवला होता. १८८४ मध्ये बेहरामजी मलबारी यांनी बालविवाह आणि लादलेलं वैधव्य यांवरची आपली टिपणं प्रसिद्ध केली आणि देशभर वाद पेटला. पुढे कलकत्त्यात फुलमणी दासी ही कोवळी मुलगी पतीच्या समागमानं झालेल्या जखमांमुळे मरण पावली. तिनं दहा वर्षं ओलांडली असल्यानं बलात्काराचं कलम लागू झालं नाही; पतीला वर्षभराची सक्तमजुरी झाली. जानेवारी १८९१ मध्ये सर अँड्र्यू स्कोबल यांनी वयाची मर्यादा बारावर नेणारं विधेयक मांडलं आणि १९ मार्चला ते मंजूर झालं. या काळात पुण्याच्या सभांत आणि वृत्तपत्रांत जे घडलं, त्याइतका भरघोस नमुना मराठीत दुसरा नाही.

शालेय पुस्तकात याचं एक वाक्य उरतं : टिळकांनी विधेयकाला विरोध केला. त्यावरून टिळक बालविवाहाचे कैवारी होते असं वाचक गृहीत धरतो. पण १८९० च्या अखेरीस टिळकांनीच एक योजना पुढे केली होती. मुलीचं लग्न सोळाच्या आधी करायचं नाही, मुलाचं विसाच्या आधी करायचं नाही, चाळिशी उलटलेल्या पुरुषाला लग्न करायचं तर विधवेशीच. आणि हे ज्यांना पटतं त्यांनी सही करून स्वतःला बांधून घ्यावं. तेव्हा त्यांचा पूर्वपक्ष असा मांडावा लागतो : सुधारणा हवी, पण ती समाजानं स्वतः करावी. परक्या सरकारला घरात येऊ देऊ नये, कारण १८५८ च्या राणीच्या जाहीरनाम्यात धर्मात हात न घालण्याचं वचन आहे, आणि एकदा हा दरवाजा उघडला की पोलीस शयनगृहापर्यंत पोचेल. हा पक्ष वजनदार आहे. परक्या सत्तेखाली राहणाऱ्या माणसाला तो पटू शकतो हे मान्य केल्याशिवाय पुढे जाण्यात अर्थ नाही.

आता प्रश्न लावून पाहू. जाहीरनाम्यात वचन होतं, हे खरं. पण दहा वर्षांची मर्यादा घालणारी दंडसंहिता जाहीरनाम्यानंतरची, १८६० ची आहे. तेव्हा सरकारनं या विषयात हात घालावा की नाही, हा प्रश्न तीस वर्षांपूर्वीच निकालात निघाला होता. १८९१ मध्ये फरक होता दहा आणि बारा यांचा. यावर विरोधकांना म्हणता येतं की जुनं अतिक्रमण सहन केलं म्हणून नवं मान्य करावं असं नाही, आणि हे उत्तरही टाकाऊ नाही. खरी अडचण पुरेपणाची आहे. सही करणाऱ्याच्या घरातली मुलगी सहीनं वाचते. जिला धोका होता ती मुलगी सही न करणाऱ्याच्या घरात होती. स्वेच्छेच्या योजनेत तिच्यासाठी काहीही नव्हतं. माझ्या मते टिळकांचा युक्तिवाद इथे मोडतो. तो मोडतो तो टिळक सनातनी होते म्हणून नव्हे. त्यांनी सुचवलेला उपाय त्यांनीच मान्य केलेल्या दुखण्यापर्यंत पोचत नव्हता, म्हणून.

सुधारकांच्या बाजूलाही हेच प्रश्न लावायला हवेत. रा. गो. भांडारकरांनी धर्मशास्त्रातले आधार काढून दाखवलं की गर्भाधान लांबवण्याला शास्त्राची आडकाठी नाही. टिळकांनी त्या आधारांचा वेगळा अर्थ लावला. वचनांची ही लढाई वाचताना मौज वाटते, पण दोन्ही पक्षांखाली एकच न बोललेलं गृहीत आहे : शास्त्र नाही म्हणत असेल तर कायदा होऊ नये. ‘सुधारक’ चालवणाऱ्या आगरकरांनी हे गृहीतच नाकारलं. मुलीच्या शरीराला इजा होते, एवढं कारण त्यांना पुरेसं होतं. शास्त्र काय म्हणतं हा त्यांच्या लेखी वेगळा प्रश्न होता. म्हणून भांडारकर भित्रे आणि आगरकर धीट असा निवाडा अनेकदा दिला जातो. मला तो उथळ वाटतो. समोरच्याचं गृहीत तात्पुरतं मान्य करून त्याच्याच जमिनीवर त्याला उत्तर देणं ही जुनी आणि रीतसर पद्धत आहे. नैयायिकांनी तिला अभ्युपगमसिद्धान्त असं नाव दिलं आहे. भांडारकरांचा श्रोता शास्त्र मानणारा होता. त्या श्रोत्याला आगरकरांचा लेख पटणारच नव्हता.

मलबारींवर झालेली टीका तर आजही जशीच्या तशी ऐकू येते : हे पारशी, हिंदूंच्या घरात यांना काय करायचंय? बोलणारा कोण याला कधीच महत्त्व नसतं, असं काही पुस्तकं शिकवतात. ते बरोबर नाही. ‘मी हे डोळ्यांनी पाहिलं’ असं कुणी म्हणतो तेव्हा तो कोण, तिथे होता का, त्याचा स्वार्थ काय, हे विचारलंच पाहिजे. मलबारी साक्ष देत नव्हते, कारणं देत होते. कारण कुणी दिलं यानं त्याचा खरेखोटेपणा बदलत नाही.

आणि भाकितं? कायदा झाल्यावर खटले फारच थोडे झाले. पोलीस घराघरांत शिरले नाहीत, आणि मुलींना मिळेल असं वाटलं होतं ते संरक्षणही फारसं मिळालं नाही. दोन्ही बाजूंचा हिशेब चुकला. लग्नाच्या वयाचा कायदा व्हायला १९२९ उजाडावं लागलं. वादात केलेली भाकितं नंतर कुणीतरी तपासून पाहावीत अशी सवय आपल्याकडे तेव्हा नव्हती, आताही नाही.

दुसरं मोठं प्रकरण आकड्यांचं आहे. जयंत नारळीकर, सुधाकर कुंटे, नरेंद्र दाभोलकर आणि प्रकाश घाटपांडे यांनी महाराष्ट्रात फलज्योतिषाची एक चाचणी घेतली आणि तिचा अहवाल २००९ मध्ये ‘करंट सायन्स’मध्ये आला. मुलाची बुद्धी कुंडलीवरून कळते, हा दावा तपासायचा होता. शंभर हुशार मुलांच्या आणि शंभर बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांच्या कुंडल्या जमवल्या, त्या मिसळल्या आणि प्रत्येक ज्योतिषाला त्यांतल्या चाळीस पाठवल्या. कुंडली कोणत्या गटातली, एवढंच सांगायचं. ५१ जणांनी कुंडल्या मागवल्या, २७ जणांनी उत्तरं पाठवली. सरासरी ४६ टक्के उत्तरं बरोबर आली. नाणं उडवून ५० टक्के आली असती.

इथे थांबलं तर गोष्ट छान आहे आणि विवेकवादी मंडळी ती तिथेच थांबवतात. पण त्यांतल्या एका ज्योतिषाची चाळीसपैकी २४ उत्तरं बरोबर होती. साठ टक्के! त्याच्याकडे काही विद्या असेल का? तर हिशेब करून पाहावा. निव्वळ नाणं उडवणाऱ्या माणसाची चाळीसपैकी २४ किंवा त्याहून जास्त उत्तरं बरोबर येण्याची शक्यता सुमारे १३ टक्के आहे. सत्तावीस जणांना नाणी उडवायला बसवलं तर तीन-चार जण सहज तिथवर पोचतील. तेव्हा २४ हा आकडा चमत्काराचा नाही. उलट, असा एकही जण निघाला नसता तरच आश्चर्य होतं. एका संस्थेनं सगळ्या दोनशे कुंडल्या पाहिल्या. तिची १०२ उत्तरं बरोबर आली.

यावरून फलज्योतिष खोटं सिद्ध झालं का? चाचणी एका दाव्याची होती. लग्न कधी होईल, नोकरी लागेल का, हे तिनं तपासलेलं नाही. उत्तरं न पाठवलेल्या चोवीस जणांविषयीही तिला काही म्हणता येत नाही. ‘बुद्धी कुंडलीत दिसते असं आम्ही म्हणतच नाही’ असं एखादा ज्योतिषी म्हणाला, तर त्याच्यापुरता हा पुरावा लागू नाही. मात्र त्यानं मग मुलाच्या शिक्षणाची शाखाही कुंडलीवरून सांगू नये. पुराव्याहून मोठा निष्कर्ष काढण्याची खोड श्रद्धाळूंना असते तशी ती आपल्यालाही असते. पुराव्याचा भार दावा करणाऱ्यावर आहे हे पक्कं असलं, तरी आपल्या हातात आलेला पुरावा केवढा आहे हे मोजायला तेवढंच पक्कं राहावं लागतं. हे प्रकरण वाचून विवेकवादी मित्र माझ्यावर रुसतील. रुसोत.

‘जिथे धूर तिथे अग्नी’ हे सर्वांनी ऐकलेलं असतं. त्याच्या पुढचं नैयायिकांचं काम अधिक उपयोगी आहे. ‘जिथे अग्नी तिथे धूर’ असं मात्र म्हणता येत नाही, कारण तापून लाल झालेल्या लोखंडाच्या गोळ्यात अग्नी आहे आणि धूर नाही. धूर निघायला सरपण ओलं लागतं. त्या ओल्या सरपणाला, म्हणजे मधेच लपलेल्या अटीला, त्यांनी उपाधी म्हटलं. इंग्रजी माध्यमातली मुलं पुढे जातात, म्हणून इंग्रजी माध्यम चांगलं, या वाक्यातलं ओलं सरपण कुठलं? आईबापांचं शिक्षण आणि मिळकत. तेवढ्याच मिळकतीच्या घरांतली दोन्ही माध्यमांची मुलं शेजारी ठेवून पाहिल्याशिवाय माध्यमाबद्दल काहीच कळत नाही. यावर मराठीप्रेमी लगेच रघुनाथ माशेलकरांचं नाव घेतात. ते महापालिकेच्या शाळेत शिकले आणि जगभर मान्यता मिळवलेले शास्त्रज्ञ झाले. उदाहरण खरं आहे, अभिमानाचंही आहे. पण त्यानं ‘मराठी शाळेतून कुणी पुढे जात नाही’ हे विधान तेवढं खोटं ठरतं; ‘मराठी शाळेनंच पुढे जाता येतं’ हे सिद्ध होत नाही. मी स्वतः मराठी शाळांच्या बाजूचा आहे, म्हणून हे आधी आपल्याच माणसांना सांगायला हवं.

ही सगळी चर्चा फुरसतीची वाटू शकते. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्याला, आठवडी बाजाराच्या दिवशी, नाथपंथी डवरी गोसावी समाजातल्या पाच भिक्षेकऱ्यांना जमावानं ठेचून मारलं. मुलं पळवणारी टोळी फिरते आहे, असे संदेश त्या काळात फोनवरून फिरत होते. या माणसांपैकी एकानं लहान मुलीशी बोलण्याचा प्रयत्न केला, असं तेव्हा बातम्यांत आलं. जमावाच्या डोक्यातला युक्तिवाद मांडून पाहा. टोळी आहे, ही माणसं अनोळखी आहेत, त्यांतला एक मुलीशी बोलला, म्हणून हीच टोळी. पहिल्या विधानाला संदेशापलीकडे कसलाच आधार नव्हता. दुसरं खरं होतं, पण बाजारात अनोळखी माणसं येतातच, आणि भटक्या समाजातला माणूस प्रत्येक गावात अनोळखीच असतो. तिसऱ्याचे दहा निरुपद्रवी अर्थ निघतात. चार वाक्यांतलं एकही वाक्य पुढच्या वाक्यापर्यंत पोचत नव्हतं, आणि तरीही सगळी मिळून भक्कम वाटली, कारण प्रत्येक वाक्य भीतीनं दुसऱ्याला चिकटलेलं होतं. तर्कशास्त्र आधी शिकवलं असतं तर ते पाच जण वाचले असते, असा दावा मी करणार नाही. पेटलेला जमाव अनुमानं तपासत नाही. पण संदेश पुढे पाठवणारा माणूस जमावात नसतो, घरात खुर्चीवर एकटा बसलेला असतो, आणि त्याच्या हाताशी वेळ असतो.

एक इशारा. तर्कदोषांची यादी शेवटी परिशिष्टात टाकली आहे, आणि मुद्दाम तिथेच. कॉलेजातल्या मुलांच्या हाती ही यादी पडली की महिनाभर घरात कुणाला बोलता येत नाही. आजीनं ‘आमच्या वेळी असं नव्हतं’ म्हटलं की नातू दोषाचं नाव सांगून मोकळा. दोषाचं नाव घेणं म्हणजे तो दाखवणं नव्हे. कोणत्या शब्दापाशी उडी मारली गेली ते बोट ठेवून सांगावं लागतं. शिवाय कारण लंगडं निघालं म्हणून निष्कर्ष खोटा ठरत नाही. आजीचं कारण चुकलेलं असेल आणि म्हणणं बरोबर असेल. तिच्यासाठी चांगलं कारण शोधून देणं हाही पूर्वपक्षच.

पुस्तकातले स्वाध्याय वगळू नयेत. त्यांतला पहिला सर्वांत अवघड आहे. ज्या अग्रलेखकाशी तुमचं नेहमी पटतं, त्याचा कालचा लेख घ्या. दावा एका वाक्यात लिहा, कारणं खाली लिहा, न बोललेलं गृहीत कंसात लिहा आणि तीन प्रश्न विचारा. न पटणाऱ्या लेखकाकडे नंतर वळा. त्याच्या चुका आपल्याला आपोआप दिसतात, त्यात सराव होत नाही.

१८९१ च्या प्रकरणातला माझा निवाडा अनेकांना मान्य होणार नाही, ज्योतिषाच्या प्रकरणातला तर दोन्हीकडच्यांना. ज्यांना तो चुकीचा वाटेल त्यांनी कोणतं विधान खोटं, कोणतं गैरलागू आणि कोणतं अपुरं ते कळवावं. पुढच्या आवृत्तीत ते मांडणाऱ्याच्या शब्दांत छापीन. नुसतं ‘पटलं’ असं कळवलं नाही तरी चालेल.